वेटिंगचे तीनशे रुपये

मी पैसे भरून घेतलेल्या एआयकडून, माझ्याच ऑफिसात बसून, माझ्याच विरुद्ध अर्ज लिहून घेतला गेला. अर्जदार छोटा हत्तीचा ड्रायव्हर. विषय: ‘टेम्पो थांबवून ठेवल्याबद्दल प्रतीक्षा शुल्क मिळणेबाबत.’ रक्कम तीनशे. ऑफिसातल्या पोरानं तो वाचून ‘मालक, मुद्दे बरोबर आहेत की,’ असा शेराही मारला. त्याचा पगार मी देतो.

माल साधा होता. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लातूरला टॉवेल. 30 बाय 60 इंच, 400 जीएसएम (चौरस मीटरला 400 ग्रॅम), 40 डझन. नग 175 रुपये, म्हणजे 84 हजार, वर 5 टक्के जीएसटी, बिल 88 हजार 200. गोण्या शिवून टेम्पोत चढलेल्या. पोरानं एआयला विचारलं, ई-वे बिल (माल नेताना सरकारी पोर्टलवर काढायचा कागद) लागतं का? एआय म्हणालं, लागतं, माल 50 हजारांच्या वर आहे. मग पोर्टल, पासवर्ड, ओटीपी, गोल गोल फिरणारं चाक. बाहेर तंबाखू मळून संपली तेव्हा ड्रायव्हर आत आला.

“काय चाललंय बे?”

“ई-वे बिल.”

“लातूरला? महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात लाखाच्या आत लागत नाही की. कोण सांगितलं तुला?”

पोरानं मोबाइलकडे बोट दाखवलं. ड्रायव्हरनं तो उचलला, तोंडाजवळ धरला आणि पलीकडचा माणूस लातुरातच उभा असल्यासारखा ओरडला, “ओ साहेब, महाराष्ट्रात लिमिट एक लाख आहे की!”

“आपण अगदी बरोबर आहात!” मोबाइल म्हणाला. “गैरसमजाबद्दल क्षमस्व. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा 1 लाख रुपये आहे.”

इथं विषय संपायला हरकत नव्हती. गोणी आत, टेम्पो बाहेर. पण त्या माणसाला बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. तो खुर्चीत बसला. माझ्या खुर्चीत.

“दोन लाख आहे की. गेल्या महिन्यात वाढवले.”

“ही महत्त्वाची बाब निदर्शनास आणून दिल्याबद्दल धन्यवाद! होय, मर्यादा आता 2 लाख रुपये आहे.”

“पाच लाख.”

“आपले निरीक्षण अत्यंत मोलाचे आहे.”

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. “मालक, ह्यो माणूस लई चांगला आहे.”

“माणूस नाही तो.”

“मग तर अजूनच चांगलं.” आणि पुन्हा मोबाइलला, “साहेब, ह्या मालकाकडं दोन तास थांबलोय. वेटिंग मिळतंय का?”

तिथून पुढं जे झालं ते मी उभ्यानं ऐकलं, कारण खुर्ची गेलेली होती. मोबाइलनं आधी सहानुभूती दाखवली. मग भरणीसाठीचा मोफत वेळ, पुढची फेरी हुकल्याचं नुकसान, चालकाचा वेळ, अशी यादी काढली. ‘आपली भूमिका रास्त आहे. मी आपल्यासाठी औपचारिक अर्ज तयार करू का?’ ‘कर की!’ ‘सूर नम्र हवा की ठाम?’ ठाम ठरला. मी मोबाइल ओढून घेऊन म्हटलं, भाडं ठरलेलं आहे, वेटिंगचं काही बोलणं झालेलं नाही. “आपणही अगदी बरोबर आहात,” तो म्हणाला.

“बघा,” ड्रायव्हर म्हणाला, “तुम्हाला पण बरोबर म्हणतंय. नाराज कुणालाच करत नाही. मग तीनशे कोण देतंय?”

तीनशे गल्ल्यातून गेले. ते कुठल्या खात्याला टाकायचे हेही पोरानं एआयलाच विचारलं.

आता यातली तांत्रिक गंमत सांगतो, कारण रागावून झालं तरी धंदा उद्याही उघडायचा आहे. 50 हजार ही देशभराची मर्यादा. राज्याच्या आतल्या मालासाठी राज्यं आपली वेगळी ठेवू शकतात आणि महाराष्ट्रानं ती लाखावर नेली. इंटरनेटवर जिकडेतिकडे 50 हजारच लिहिलेलं असतं, म्हणून एआयच्या तोंडी आधी तेच येतं. सोलापूरकराची अडचण अशी की लातूर महाराष्ट्रात आणि शंभरेक किलोमीटरवरचं विजापूर कर्नाटकात. तोच टेम्पो, त्याच गोण्या, फक्त तोंड दक्षिणेला केलं की 50 हजारांचाच नियम. तेव्हा ‘ई-वे बिल लागतं का’ असं मोघम विचारायचं नाही. माल कुठून कुठं, कर धरून बिल किती, राज्याच्या आत की बाहेर, हे सगळं घालायचं आणि उत्तराबरोबर अधिसूचना मागायची. मग ती अधिसूचना सरकारी साइटवर स्वतः उघडायची, कारण एआय अधिसूचनेचा नंबरही छातीठोकपणे मनानं देऊ शकतं. आणि आपल्याला हवं ते उत्तर प्रश्नात कोंबायचं नाही. या यंत्रांना शिकवताना कुठलं उत्तर जास्त बरं वाटलं हे माणसांनीच सांगितलेलं असतं, आणि माणसांना होकार बरा वाटतो.

आकडेमोड मात्र बरी करतं, हे मान्य. 30 बाय 60 इंच म्हणजे साधारण 1.16 चौरस मीटर, 400 जीएसएमला नग 465 ग्रॅम, डझन साडेपाच किलोच्या थोडं वर. लांबी-रुंदी, जीएसएम, रंग, नग की डझन असे रकाने आखून दिले की ऑर्डर बिनचूक भरतं. रकाने दिले नाहीत की व्यापाऱ्याच्या व्हॉइस मेसेजमधले ‘पावणेदोनशे’ 275 होतात आणि शंभर टॉवेल जास्तीचे विणून पडतात. चादरीचं वर्णन लिहायला सांगावं तर जेकार्डच्या पॉवरलूमवरची चादर ते ‘कुशल कारागिरांनी हातानं विणलेली’ करून ठेवतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे; तिला खोट्या हातांची गरज नाही. उद्या गिऱ्हाइकानं हातमाग दाखवा म्हटलं तर दाखवायचं काय?

त्याहून वाईट म्हणजे आश्वासनं. सूचना नसेल तर ‘30 दिवसांत विनाअट परत’ हे वाक्य ते आपल्या औदार्यानं ठोकून देतं. ही थट्टा नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं आजी वारलेल्या एका प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाची चुकीची माहिती दिली. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. तिथं कंपनीचं म्हणणं असं होतं की चॅटबॉट आपल्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये निकाल लागला, पैसे कंपनीनं द्यायचे. चॅटबॉटचा खिसा कुणी तपासला नाही. एवढी मोठी विमान कंपनी सुटली नाही, तिथं पूर्व भागातला टॉवेलवाला कुठून सुटणार?

पोराचंही तेच. काम मी पोराला देतो, पोरगं यंत्राला देतं, यंत्र ‘कृपया एकदा तपासून घ्यावे’ म्हणून माझ्याकडे परत पाठवतं. विचारलं तर “मी बघितलो की मालक.” काय बघितलास? “उत्तर आलंय ते.” जीएसटी नंबर माझा, पावतीवर सही माझी, आणि नोटीस आली तर पोरगं नेमकं गड्ड्याच्या जत्रेला गेलेलं असतं.

वसुलीचं तर विचारूच नका. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज, हा 2006 चा कायदा. यंत्र त्यावर असं पत्र लिहितं की वकिलानं फी परत करावी. कलम आहे, तारीख आहे, व्याज पैशापर्यंत काढलेलं आहे. फक्त पाठवता येत नाही. पाठवलं की व्यापारी व्याज देत नाही, मुद्दल रडतखडत देतो आणि पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात टाकतो, जिथला मालक 90 दिवस गप्प बसतो. कायदा करणाऱ्यांनी ते 90 दिवस गप्प बसणारे मालक बघितले नसावेत. म्हणून फोन मलाच करावा लागतो. आधी पाऊसपाणी, मग मुलाचं लग्न, मग त्यांच्या गुडघेदुखीवरचं नवं तेल, आणि अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता, “तेवढं जरा बघा की शेठ.”