६४ जीबींचा खुलासा

गेल्या आठवड्यात मला कार्यालयाकडून एक पत्र मिळाले. विषय होता, ‘पेनड्राइव्हच्या क्षमतेत आढळलेल्या घटीबाबत खुलासा सादर करणेबाबत’. उपरोक्त विषयान्वये मला कळविण्यात आले होते की, माझ्या ताब्यातील ६४ जीबी क्षमतेच्या पेनड्राइव्हमध्ये वार्षिक साठा पडताळणीच्या वेळी प्रत्यक्षात २ एमबी इतकीच क्षमता आढळून आली असून उर्वरित क्षमतेचे काय झाले, याचा लेखी खुलासा मी तीन दिवसांत करावा, अन्यथा माझे काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत अर्धे आयुष्य काढल्यावर माझ्यावर अपहाराचा संशय घेतला गेला, आणि तोही अशा वस्तूच्या अपहाराचा, की जी खिशात घालता येत नाही, बाजारात विकता येत नाही आणि घरी नेऊन बायकोला दाखवताही येत नाही. याचा राग अद्याप पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रकरण असे. प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी प्रयोगशाळेतील तीस संगणकांवर एकसारखी प्रणाली चढवायची असते. प्रत्येक संगणकासमोर बसून ती चढवणे हा वेडेपणा असल्यामुळे एकच संगणक नीट तयार करतात, त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, सर्व्हरवर ठेवतात आणि ती नेटवर्कवरून उरलेल्या सर्वांवर उतरवतात. ही विद्या जुनी आहे. न्यूझीलंडमधल्या मरे हॅझर्ड यांनी घोस्ट नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो पुढे १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतला. तैवानच्या मंडळींनी क्लोनझिला बनवला. आणि आम्ही वापरतो तो फॉग तर नावापासूनच घोस्टचा फुकट, मुक्तस्रोत वारस आहे. जगभरातल्या शाळा-महाविद्यालयांतून हे काम रोज बिनबोभाट चालते.

बिनबोभाट चालते, कारण तिथे संगणक सुरू झाला की त्याचे नेटवर्क कार्ड स्वतःच विचारते, ‘मला पत्ता द्या, आणि मी कोणती फाइल कुठून आणू तेही सांगा.’ इंटेलने १९९९ सालीच या पद्धतीचे तपशीलवार मानक प्रसिद्ध केले आहे. त्यासाठी डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवरील संगणकांना पत्ते वाटणाऱ्या, सर्व्हरवर ६६ आणि ६७ क्रमांकाचे दोन पर्याय भरावे लागतात, म्हणजे सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचे नाव. काम दोन ओळींचे आहे. आमच्याकडे डीएचसीपी ज्या राउटरवर चालतो त्याचा पासवर्ड नेटवर्कच्या ठेकेदाराकडे आहे, ठेकेदाराने तो ज्या मुलाकडे दिला होता तो मुलगा नोकरी सोडून गेला आहे, आणि मूळ पर्यायांना हात न लावता शेजारी प्रॉक्सी डीएचसीपी, म्हणजे पत्ते न वाटता फक्त बूटच्या फाइलची माहिती देणारा जोडीदार, चालवतो असे मी सुचवले तेव्हा ‘दुसरा डीएचसीपी लावलात तर पुढची सगळी जबाबदारी तुमची’ असे उत्तर आले. त्यामुळे उरला एकच मार्ग. आयपीएक्सई नावाचा छोटासा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर लिहायचा, प्रत्येक संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, आणि मग त्या प्रोग्रॅमने सर्व्हरला गाठायचे. सर्व्हरचा पत्ता त्यातच लिहून ठेवलेला असल्यामुळे फाइल कुठून आणायची ते कोणाला विचारावे लागत नाही.

संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करणे हाही एक स्वतंत्र छळ आहे, पण त्याची आता सवय झाली आहे. आमचे संगणक वेगवेगळ्या वर्षी, दर वेळी सर्वांत कमी दराच्या निविदेनुसार घेतलेले असल्यामुळे कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याच्या बूट मेन्यूसाठी कोणाला एफ १२ लागते, कोणाला एफ ९, तर कोणाला एस्केप. आणि जलद सुरू होण्याची सोय चालू असलेल्या संगणकांवर यांपैकी काहीही दाबेपर्यंत विंडोज ‘स्वागत आहे’ म्हणून मोकळे झालेले असते. नव्या संगणकांवर सिक्युअर बूट, म्हणजे मान्य डिजिटल सही नसलेला प्रोग्रॅम सुरूच होऊ न देणारा पहारा, बंद करावे लागते, कारण आमच्याकडील आयपीएक्सईच्या फाइलवर तशी सही नाही. पुढचे यूएसबी पोर्ट विद्यार्थ्यांनी निकामी केलेले असल्यामुळे पेनड्राइव्ह मागे लावावा लागतो, त्यासाठी टेबलाखाली शिरावे लागते, आणि तो तिथे पहिल्या प्रयत्नात सरळ बसल्याचे मला आठवत नाही. इतके झाल्यावर, सगळ्या केबली जिथे जोडलेल्या असतात त्या स्विचचे पोर्ट, जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून केलेल्या स्पॅनिंग ट्रीच्या नियमानुसार तीसेक सेकंद विचार करत बसते, आणि तेवढ्यात आयपीएक्सई कंटाळून हात टेकते. पोर्टफास्ट नावाची एक आज्ञा दिली तर हा विचार थांबतो, पण स्विचचा पासवर्डही त्याच मुलाबरोबर गेलेला आहे.

हे सगळे सोसून मी पेनड्राइव्ह तयार केला होता, तपासला होता आणि प्रयोगशाळेच्या खणात कुलपात ठेवला होता. मी रजेवर असताना पडताळणी समितीने तो काढून संगणकाला लावला, आणि तिथून तो भांडार विभागाच्या भाऊसाहेबांकडे गेला.

भाऊसाहेबांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्यांच्या टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर उघडेच असते, आणि महाविद्यालयात जे काही आहे ते त्या रजिस्टरात आहे म्हणून आहे, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा आहे. हेच पेनड्राइव्ह खरेदी केले तेव्हा त्यांनी प्रत्येक नग संगणकाला लावून पाहिला होता. उत्पादक ६४ जीबी म्हणजे ६४ अब्ज बाइट धरतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे हिशेबाने ते ५९.६ वरच भरतात आणि प्रत्यक्षात आणखी थोडे कमी दिसतात. भाऊसाहेबांनी दर नगामागे साडेचार जीबी कमी पुरवल्याबद्दल पुरवठादाराला पत्र पाठवून त्या प्रमाणात बिलातून कपात केली. सर्वांत आश्चर्य म्हणजे पुरवठादाराने ती मुकाट्याने मान्य केली. तेव्हापासून या विषयातला भाऊसाहेबांचा अधिकार कोणी नाकारत नाही.

मी पत्र हातात घेऊनच त्यांच्याकडे गेलो.

“बसा सर,” ते म्हणाले. “चहा घेणार?”

“भाऊसाहेब, पेनड्राइव्ह शाबूत आहे. त्यातले काहीही कुठे गेलेले नाही.”

“असं कसं सर? समितीच्या तीन सदस्यांच्या सह्या आहेत. दोन एमबी.”

मी त्यांना समजावून सांगायचे ठरवले, आणि इथूनच माझे ग्रह फिरले. मी म्हणालो, “तुमच्या या रजिस्टरसारखंच एक रजिस्टर प्रत्येक डिस्कच्या आरंभी असतं. कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, याची त्यात नोंद असते. मी बूट करण्यासाठी जी इमेज त्यावर लिहिली, तिच्याबरोबर तिचं स्वतःचं रजिस्टर आलं आणि त्यानं जुन्याची जागा घेतली. नव्यात फक्त दोन एमबींचीच नोंद आहे. बाकीची जागा जिथल्या तिथे आहे, तिची नोंद तेवढी नाही.”

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. “नोंद नाही?”

“नाही.”

“मग जागा आहे असं कशावरून म्हणता?”

“अहो, चिप तीच आहे. नोंद नसली तरी वस्तू आहेच ना?”

“सर,” ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले, “मला नोकरीत एकतीस वर्षं झाली. नोंद नसलेली वस्तू असते, असं तुम्ही माझ्यासमोर बोललात ते ठीक आहे. ऑडिटसमोर बोलू नका.”

मी पुढे रेटले. “हे रजिस्टर फार लहान असतं, म्हणून इमेजबरोबर सहज बदलतं. पहिल्या सेक्टरमध्ये जेमतेम ६४ बाइटचं.”

“किती?”

“६४ बाइट.”

“म्हणजे ६४ आहेतच,” भाऊसाहेबांचा चेहरा उजळला, “फक्त जीबीचे बाइट झाले. मग हे युनिट बदलल्याचं प्रकरण आहे. तुम्ही आधीच सांगायचंत. युनिट कोणी बदललं?”

मी म्हणालो की दोन मिनिटे द्या, विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्रॅममध्ये एकदा ‘क्लीन’ म्हणतो, नवे पार्टिशन करतो, फॉरमॅट करतो, तुमचे सगळे जीबी तुमच्यासमोर परत येतील. यावर त्यांनी कपाटातून एक पाकीट काढून दाखवले. त्यात पेनड्राइव्ह होता, पाकिटाला लाख लावलेली होती आणि लाखेवर शिक्का होता. खुलासा मान्य होईपर्यंत मुद्देमालात बदल करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. शिवाय ‘क्लीन’ हा शब्द त्यांना मुळीच आवडला नाही. अपहार झालेल्या वस्तूला कोणी क्लीन करायला निघाले, तर समितीने काय समजावे?

मग चहा आला, आणि भाऊसाहेबांनी नेमकी कोणती माहिती कुठून कुठे जाते, ते सविस्तर विचारून घेतले. बूटची फाइल पाठवण्याची मूळ पद्धत टीएफटीपी, ती त्यांना मनापासून पटली. ५१२ बाइटचा एक गठ्ठा पाठवायचा, त्याची पोच आली की मगच पुढचा गठ्ठा सोडायचा, पोच आली नाही तर तोच पुन्हा पाठवायचा. १९८१ सालची पद्धत आहे म्हटल्यावर तर ते म्हणाले, “बघा, तेव्हाच्या लोकांना माल कसा द्यावा ते कळत होतं.” आम्ही पुढची मोठी फाइल एचटीटीपीने, म्हणजे दर गठ्ठ्याच्या पोचेसाठी न थांबता, आणतो, हे मी त्यांच्यापासून लपवले. मल्टिकास्टचे मात्र मी अनवधानाने बोलून गेलो. सर्व्हर इमेज एकदाच पाठवतो आणि तीसही संगणक ती एकाच वेळी घेतात, हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

“माल एकच, घेणारे तीस. जावक एक आणि आवक तीस. हे रजिस्टरात कसं बसवायचं, सर?”

या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नाही.

इथपर्यंत हसता येते. त्यानंतर मी प्रयोगशाळेत परत गेलो. परीक्षा तोंडावर आली होती आणि तीसही संगणकांवर मागच्या वर्गाने वाढून ठेवलेला पसारा तसाच होता. स्वतःचा पेनड्राइव्ह वापरावा, तर खासगी पेनड्राइव्ह प्रयोगशाळेत आणण्यास बंदी करणारे परिपत्रक फलकावर लावलेले होते, आणि ते लावण्याचा आग्रह माझाच होता. कारण विद्यार्थी पेनड्राइव्हमधून काय काय घेऊन येतात ते मला निस्तरावे लागते. नवा मागावा, तर ‘मागील नग अद्याप प्रलंबित’ हा शेरा ठरलेला. प्रयोगशाळा सहायकाचे दुसरे पद कित्येक वर्षे रिक्त आहे. त्या पदाच्या वेतनात दर महिन्याला पोतेभर पेनड्राइव्ह आले असते. उद्घाटनांच्या फ्लेक्सवर जो खर्च होतो त्यात पासवर्ड माहीत असलेला एक स्विच नक्की आला असता. पण फ्लेक्सवर अध्यक्षांचे छायाचित्र असते, आणि स्विच धातूच्या पेटीत बंद असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार संपवला. आमच्या निम्म्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे ते नियमाने विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, आणि त्यांचे काय करायचे, असे मी लेखी विचारून बराच काळ लोटला आहे. त्या पत्राला उत्तर द्यायला कोणाला वेळ झालेला नाही. दोन एमबींचे पत्र मात्र त्याच दिवशी टाइप होऊन, जावक क्रमांक पडून, शिपायाकरवी माझ्या घरी पोचले.

अखेरीस मी खुलासा लिहिला. सत्य लिहून पाहिले होते, ते परत आले. मग भाऊसाहेबांनीच तोडगा सुचवला. त्यानुसार ‘तांत्रिक कारणास्तव युनिटमध्ये झालेला बदल’ असे मी लिहिले, समितीने ते मान्य केले, आणि २ एमबी वगळता बाकीची क्षमता रीतसर निर्लेखित करण्यात आली. आता रजिस्टरात २ एमबी क्षमतेचा एक पेनड्राइव्ह माझ्या नावे आहे. तो फॉरमॅट करायचा नाही, असे मला बजावण्यात आले आहे, कारण पुढच्या पडताळणीत क्षमता वाढलेली आढळली तर ती वाढ कोणत्या शीर्षाखाली जमा करायची, हा नवा प्रश्न उभा राहील. ही अट मी आनंदाने पाळतो, कारण मला तो तसाच हवा आहे.

लाख फोडून पेनड्राइव्ह हाती आल्यावर एकेक संगणक सुरू करत मी तीसही मल्टिकास्टच्या रांगेत उभे केले. सगळे जोडले गेल्यावर इमेज सुटली, आणि गिगाबिटच्या जाळ्यावर जे काम काही मिनिटांत व्हायला हवे ते रेंगाळू लागले. मल्टिकास्टमध्ये सर्वांत मंद संगणकाच्या गतीने सर्वांना चालावे लागते, म्हणून मी स्विचवरचे दिवे पाहत फिरलो. शेवटच्या ओळीतला एक संगणक १०० मेगाबिटवरच अडकला होता. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा, म्हणजे चारही जोड्या शाबूत लागतात. या केबलच्या दोन जोड्या टेबलाच्या पायाखाली चेंगरून तुटल्या होत्या. तिच्यापायी वीस जीबींची इमेज तीसही संगणकांवर अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ घेत होती.

नव्या केबलसाठी मागणीपत्र घेऊन मी भांडारात गेलो. भाऊसाहेबांनी ते बारकाईने वाचले.

“आठांपैकी चार तारा चालू आहेत म्हणता?”

“हो, पण चार चालून उपयोग नाही.”

“नाही कसा? इंटरनेट चालतंय ना त्यावर?” त्यांनी मागणीपत्र माझ्याकडे परत सरकवले. “पूर्ण केबल देता येणार नाही सर. तुम्ही असं करा, खराब झालेल्या चार तारांचंच मागणीपत्र द्या.”