लॅव्हेंडर, थर्माकोल आणि आमच्या आईंचं नाक

लॅव्हेंडरचा वास कसा असतो माहितीये का तुम्हाला? म्हणजे खऱ्या लॅव्हेंडरचा हां. माझ्या आयुष्यात लॅव्हेंडर आलं ते आधी टाल्कम पावडरीतून, मग फरशी पुसायच्या लिक्विडमधून आणि मग मॉलच्या वॉशरूममधे भिंतीवरून फुस्स करणाऱ्या त्या डबीतून. झाड कधी बघितलेलं नाही, शेत बघितलंय ते इन्स्टावर. तरी दुकानात कोणी बाटली नाकाखाली धरली की आपण डोळे मिटतो, मान डोलावतो आणि "हं, प्युअर वाटतंय" असं म्हणून मोकळे होतो. कशाशी ताडून बघितलं? तर फरशीशी!

इसेन्शियल ऑइल, म्हणजे फुलापानांतून काढलेली सुगंधी तेलं, घेण्यातला पहिला घोळ हाच आहे. आंबा असता तर गोष्ट वेगळी, देवगडच्या पेटीत दुसरीकडचा माल भरला तर ठाण्याच्या नौपाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा देठाशी वास घेऊन सांगेल. पण रोझमेरी, फ्रँकिन्सेन्स (एका झाडाचा सुगंधी डिंक), यलांग यलांग, यात आपण काय कपाळ सांगणार.

या फंदात मी पडले ते आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंमुळे. आम्ही राहतो घोडबंदर रोडला, त्यामुळे झोप न लागणे हा आमच्या सोसायटीचा सामुदायिक आजार आहे, कोणाला ट्रॅफिकमुळे, कोणाला ईएमआयमुळे. ताईंनी कसल्यातरी कंपनीची मेंबरशिप घेतली होती आणि एका शनिवारी संध्याकाळी सगळ्या बायकांना बोलावलं, ढोकळा ठेवला, डिफ्यूझर (वास घरभर सोडणारं यंत्र) लावला आणि बाटल्यांचा एक लाकडी डबा उघडला. मी जाताना सासूबाईंनाही नेलं, कारण त्यांना ढोकळा आवडतो. (पुढचं सगळं रामायण ढोकळ्यामुळे झालं असं नवरा अजून म्हणतो.)

आता आमच्या आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, नाकाबद्दल सांगायलाच हवं. तिसऱ्या मजल्यावर कोणाच्या फोडणीत हिंग जास्त झाला ते या सातव्या मजल्यावर बसून सांगतात. दूध नासायच्या आधी त्यांना कळतं. मी बाहेर काय खाऊन आले हे लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत कळतं, आणि त्यावर त्या काही बोलत नाहीत, फक्त "जेवायचं असेलच ना अजून?" एवढंच.

तर ताई एकेक बाटली फिरवत होत्या. चौथ्या बाटलीनंतर मला सगळ्याचाच वास सारखा यायला लागला. मग ताईंनी एका वाटीत कॉफीच्या बिया फिरवल्या, याने म्हणे नाक रीसेट होतं. तसं काही होत नाही, दोन मिनिटं साधी हवा घेतली तरी तेवढाच आराम पडतो, फक्त घोडबंदरच्या हवेला साधी हवा म्हणायचं का हा ज्याचा त्याचा प्रश्न. मग ताई म्हणाल्या, "आपलं थेराप्यूटिक ग्रेड आहे हं, बाकीच्यांसारखं नाही. हे पाण्यात दोन थेंब टाकून पिऊ पण शकता." सगळ्या बायका "अय्या" म्हणाल्या. मी घरी येऊन शोधलं तर असं ग्रेड देणारी सरकारी किंवा स्वतंत्र संस्थाच कुठे नाही, कंपन्याच स्वतःला देतात. म्हणजे पेपर आपणच काढायचा, आपणच लिहायचा आणि वर मार्कही आपणच द्यायचे.

आईंनी मात्र वास घ्यायच्या आधी फ्रँकिन्सेन्सचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि भर सभेत म्हणाल्या, "यात गोडंतेल आहे."

ताईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काकू, हे सोमालियाहून येतं!"

"येत असेल. पण वाटेत गोडंतेल भेटलं त्याला."

पुढचे दोन दिवस मी लिफ्टऐवजी जिन्याने गेले.

पण किडा डोक्यात शिरला होता. त्यात कोरम मॉलच्या कुठल्याशा स्टॉलवर मला असा नजारा दिसला की मी तिथेच उभी राहिले. एका ओळीत वीसेक बाटल्या, गुलाब, चंदन, मोगरा, संत्रं, स्ट्रॉबेरी, आणि सगळ्यांवर एकच किंमत, २९९. आता जरा हिशोब करा. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात, म्हणजे त्या १० मिलीच्या बाटलीला पंचवीस ते पस्तीस किलो पाकळ्या. २९९मधे? दसऱ्याच्या आदल्या दिवशी जांभळी नाक्याला तेवढ्यात धड झेंडू मिळत नाही. उलट संत्र्याचं तेल सालीतून दाबून निघतं, ज्यूसवाल्यांकडे सालींचे ढीग असतात, ते स्वस्तच असायला हवं. ज्या दुकानात संत्रं आणि गुलाब एकाच भावाने मिळतं तिथे बहुतेक दोन्ही एकाच पिंपातून येतात.

आणि स्ट्रॉबेरी! स्ट्रॉबेरीचं इसेन्शियल ऑइल नसतंच हो. निघतच नाही. मोगऱ्यासारखं नाजूक फूलसुद्धा नुसत्या वाफेवर दाद देत नाही, त्याचा सॉल्व्हंट वापरून दाट अर्क, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट काढतात, नाहीतर उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या अत्तरवाल्यांसारखं चंदनाच्या तेलात अत्तर उतरवतात. हे सगळं मी स्टॉलवरच्या पोराला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, टू प्लस वन आहे."

मग घरीच प्रयोग करायचे ठरले. नवरा इंजिनीअर आहे, त्यामुळे तो लगेच टेबल आखायला बसला, आणि आईंनी जुन्या कॅलेंडरची दोन पाठकोरी पानं दिली, पण "एकच घ्या, दोन्ही नको" असं बजावून. कागदावर प्रत्येक तेलाचा एक थेंब, खाली पेन्सिलने नाव, आणि शेजारी तुलनेला खोबरेल. सकाळी बघितलं तर खोबरेलाचा डाग पारदर्शक होऊन पसरला होता, मागच्या बाजूची संकष्टी त्यातून स्पष्ट वाचता येत होती. लॅव्हेंडर साफ उडालं होतं. संत्र्याचा अगदी फिकट पिवळा ठसा. आणि ताईंच्या फ्रँकिन्सेन्सचं (आम्ही सँपल आणलं होतं) खोबरेलासारखंच तेलकट वर्तुळ, त्यातून प्रदोषसुद्धा वाचता येत होता. आई काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी तो कागद देवघराशेजारी टाचणीने लावून ठेवला.

इथे लगेच पेटून उठू नका मात्र. वाळा, पॅचुली, चंदन ही तेलं मुळात जड असतात, ती शुद्ध असली तरी कागदावर रेंगाळतात. शिवाय ही परीक्षा फक्त गोडंतेल पकडते. कारखान्यात बनवलेला वास तर सकाळपर्यंत असा उडून जातो की कागदाला पत्ता नाही, म्हणजे खोटं तेल इथे डिस्टिंक्शनमधे पास.

पुढची परीक्षा पाण्याची. तेल वर तरंगायला हवं, दुधाळ झालं तर त्यात मिसळवण्यासाठी काहीतरी घातलंय असं समजायचं. २९९वालं चंदन टाकल्या टाकल्या पाणी दुधाळ झालं. लवंगेचं तेल मात्र सरळ तळाला जाऊन बसलं आणि नवऱ्याने लगेच टेबलात लाल फुली मारली. नंतर कळलं की लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जडच असतं, ते बुडालं हेच बरोबर. पण फुली पेनने मारली होती, ती तशीच आहे.

खरी मजा आली ती थर्माकोलमुळे. संत्र्याच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं आणि लिमोनीन थर्माकोल विरघळवतं असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं. थर्माकोलवर २०१८ला राज्यात बंदी आली, पण आमच्या माळ्यावर त्याच्याही आधीच्या गणपतीच्या मखराचा एक खांब अजून आहे, कारण आमच्याकडे काही टाकलं जात नाही. त्या खांबावर ड्रॉपरने संत्र्याचे थेंब सोडले. सुरुवातीला काही नाही, मग बारीक चुरचुर आवाज आला, वरचे पांढरे दाणे एकेक करून ओले झाले, चिकटले, बसले, आणि बघता बघता खांबात करंगळी जाईल एवढा खड्डा पडला, कडांना चिकट पारदर्शक लगदा. घरभर संत्र्याचा घमघमाट. प्लॅस्टिकच्या बाटलीत ही तेलं का ठेवत नाहीत, काचेत का ठेवतात, ते तिथल्या तिथे समजलं.

आई चष्मा पुसून पुन्हा जवळून बघून आल्या. "हेच ना ती पाण्यातून प्या म्हणत होती?"

आम्ही दोघं गप्प.

"ढोकळ्यात नव्हतं ना घातलं?"

यानंतर नवऱ्याने मोर्चा लेबलकडे वळवला. त्याचं म्हणणं, नाकावर विश्वास ठेवायचाच नाही, वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघायचं. आणि ते खरंय. लॅवंड्युला अँगुस्टिफोलिया लिहिलं असेल तर ते खरं लॅव्हेंडर, आणि इंटरमिडिया असेल तर लॅव्हँडिन, म्हणजे त्याचं संकरित भावंड, स्वस्त आणि वासाला कापराकडे झुकणारं. नुसतंच "लॅव्हेंडर" लिहून गप्प बसलेत, किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात "फ्रेग्रन्स" आहे, तर समजून जा. मग क्यूआर कोड स्कॅन करून त्याने लॅबचा जीसी-एमएस रिपोर्ट (तेलात कुठला घटक किती ते सांगणारा) उघडला, रात्री साडेअकराला मला उठवून लॅव्हेंडरमधल्या मुख्य घटकांचे, म्हणजे लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेटचे टक्के वाचून दाखवले. झोप यावी म्हणून हे तेल आणायचं होतं हे मी त्याला सांगितलं. शेवटी रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळेना. रिपोर्ट खरा, बाटली खरी, फक्त दोघांची ओळख नव्हती. आणि लिनालूल कारखान्यातही बनतं, वरून घालता येतं, त्यामुळे टक्के बरोबर असले म्हणजे तेल बरोबर असं पण नाही.

भेसळ ही काही आजची नाही म्हणा. यावर आईंचा ऊर भरून येतो कारण त्या धुळ्याकडच्या. खान्देशात रोशा नावाचं गवत उगवतं, त्याच्या तेलाला इंग्रजीत पामरोजा म्हणतात, वास गुलाबाच्या जवळ जाणारा. इंग्रजांच्या काळात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. "म्हणजे आमच्या गवताने सुलतानाला फसवलं," असं आई सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

शेवटी खरेदी झाली ती जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात. तिथले काका नाकावर चष्मा, पुढ्यात वही, गिऱ्हाईकाकडे बघतही नाहीत. मी चंदनाचं तेल मागितलं. त्यांनी विचारलं, "बजेट?" मी सांगितलं. "मग नका घेऊ. त्या पैशात चंदन मिळत नाही, जे मिळतं ते मी ठेवत नाही." धंदा करायचाय की नाही या माणसाला! मग त्यांनी आपणहून गवती चहाच्या तेलाची बाटली काढली, कागदाची पट्टी बुडवून आईंच्या हातात दिली. आईंनी वास घेतला, पट्टी हलवली, थांबून परत घेतला.

"आपल्या कुंडीतला," त्या म्हणाल्या.

"केरळचा आहे," काका म्हणाले.

"असू दे. पण पान चोळल्यावर हाच येतो."

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. मग लवंग, ओवा, वाळा, निलगिरी, एकेक पट्टी काउंटरवर येत गेली, आई सांगत गेल्या आणि मागे गिऱ्हाईकांची रांग लागली. लॅव्हेंडरची पट्टी आली तेव्हा मात्र आईंनी ती तशीच माझ्याकडे दिली. "हे मला माहीत नाही. तू लेबल वाच." मी वाचलं, शास्त्रीय नाव, देश, बॅच, तारीख सगळं होतं, किंमत खुपली तेवढी. घेतलं. गवती चहा पण घेतला.

ही बातमी बिल्डिंगमधे कोणी पसरवली ते मला माहीत नाही (नवरा). आता संध्याकाळी आमच्याकडे बेल वाजते, कोणीतरी बाटली घेऊन उभं, "काकू, जरा बघता का." आई बोटावर चोळतात, हुंगतात, निकाल देतात. ताईसुद्धा येऊन गेल्या, डबा नवीन होता, कंपनीही नवीन. परवा चौथ्या मजल्यावरची मुलगी चक्क तुपाची बरणी घेऊन आली, ऑनलाइन मागवलेलं, गिर गाईचं, किलोचा भाव ऐकून मीच खाली बसले. आईंनी झाकण उघडलं, लांबूनच वास घेतला आणि बरणी आमच्या ओट्यावर ठेवून दिली.

"असं नाही कळायचं गं," त्या म्हणाल्या. "उद्या पुरणपोळी आहे, तेव्हा सांगते."