बिबट्याला ‘त्याच्या घरी’ पाठवायचं म्हणजे नेमकं कुठे?

‘जंगलं तोडली म्हणून बिबटे गावात शिरले. सरकारने ते पकडून परत जंगलात नेऊन सोडावेत, प्रश्न मिटेल.’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत तीन जीव गेले, त्यानंतर तर तो बहुतेक प्रत्येक ग्रुपवर येऊन गेला. तिथल्या लोकांच्या संतापाबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला अभ्यास ऐकवू नयेत. पण हा मेसेज पुढे ढकलणारे बरेचसे लोक शहरात बसलेले असतात, आणि त्यातला उपाय करून पाहिलेला आहे. तो कसा अंगाशी आला याची नोंदही आहे.

आधी ‘शिरले’ हा शब्द घेऊ. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून बिबटे मोजले. त्याचा शोधनिबंध २०१३ साली आला. जागा कुठली? अभयारण्य नव्हे. ऊस, भाजीपाला, वस्त्या, रस्ते, आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. तिथे शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि जवळपास तेवढेच तरस. वाट चुकून आलेलं एखादं जनावर असं मोजणीत सापडत नाही. ही राहती वस्ती आहे. दर हंगामात ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात, म्हणजे पिल्लंही तिथलीच. त्यांची आई उसात वाढलेली असेल, तर त्यांचं ‘घर’ सह्याद्रीत आहे हे ठरवलं कोणी? महसुली नकाशावरच्या हिरव्या रंगाने. बिबट्या तो नकाशा वाचत नाही.

आता ‘जंगलं तोडली म्हणून’. जंगलं तुटली हे खोटं नाही. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्याला जे मिळालं ते तुटल्यामुळे नव्हे, उगवल्यामुळे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. पाटाचं पाणी आलं आणि कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात असतो. माणूस आत शिरत नाही, पाणी हाताशी, पिल्लं लपवायला जागा. आणि खाणं? अकोल्यातच बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव किंवा गावातली जनावरं निघाली. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास, कारण शेळी रात्री बंद असते आणि कुत्रं उकिरड्यावर मोकळं. त्यामुळे ‘जंगलात हरणं सोडा, मग बिबटे परत जातील’ ही पुरवणी सूचनाही मला पटत नाही. दारात मिळत असताना तो डोंगर का चढेल?

(अकोल्याच्या आदिवासी गावांत वाघबारस अजून पाळतात. वाघोबाच्या नावाने नैवेद्य ठेवायचा आणि गुराढोरांना सांभाळ म्हणायचं. शेजारी जुना आहे हे तिथे कुणाला शोधनिबंधातून कळावं लागलेलं नाही.)

मेसेजचं खरं वजन मात्र ‘पकडून जंगलात सोडा’ या ओळीवर आहे. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात हेच केलं. पिंजरे लावले, बिबटे पकडले आणि सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. स्थलांतर सुरू झाल्यावर ते सतराच्या घरात गेले. हल्ल्यांतले जीवघेणे किती, ते प्रमाणही १८ वरून ३६ टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट. हे आकडे २०११ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी केंद्राच्या वन मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सरसकट पकडून दुसरीकडे सोडू नका असंच आहे.

असं का होतं? अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे बसून राहत नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. ‘आजोबा’ हे त्याचं नाव. सुमारे १२० किलोमीटर चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत तो मुंबईच्या वेशीवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पोचला. त्याने वाटेत कुणाला धक्का लावला नाही. पण पिंजऱ्यात अडकून भेदरलेला, माणसाचा अनुभव वाईट आलेला प्रत्येक बिबट्या तसाच वागेल याची हमी कोण देणार? शिवाय तो जिथून उचलला ती जागा रिकामी राहत नाही. आसपासचा एखादा तरणा नर ती धरतो.

‘बिबट्यांची संख्या बेसुमार वाढली’ हे वाक्यही सोबत असतं. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे, २०१८ ला १,६९०. हे आकडे दोन्ही बाजूंचे लोक फेकतात आणि दोघेही एक गोष्ट विसरतात. ही गणना मुख्यतः वाघांच्या मोजणीसोबत, जंगलात झाली. ऊसपट्टा त्यात नव्हताच. ज्या फडांवरून एवढं भांडण चाललंय, तेच मोजणीबाहेर. मग जुन्नरमध्ये बिबटे वाढले की घटले, हे त्या आकड्यांवरून कसं सांगणार? माझ्या मते वनविभागावर टीका करायचीच तर इथे करावी.

राहिलं ‘सगळे पकडून प्राणिसंग्रहालयात टाका’. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे ठेवतात, पण पिंजऱ्यांना मर्यादा आहे, आणि रिकाम्या जागेचा मुद्दा इथेही सुटत नाही. माणसावर वारंवार हल्ला करणारा बिबट्या मात्र हटवलाच पाहिजे, कायद्यात त्याची तरतूद आहे. त्यात भूतदयेचा बाऊ नको.

मेसेजमध्ये काय नाही तेही पाहण्यासारखं आहे. शेतीपंपाची वीज रात्री येते, म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन उसाच्या कडेने बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो. घराच्या भिंतीला लागून ऊस लावलेला असतो. ऊसतोड कामगारांची लेकरं फडाशेजारी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत झोपतात, शौचाला अंधारात जातात. दिवसा वीज द्या ही मागणी या तालुक्यांतले शेतकरी कधीपासून करताहेत. पुढे ढकलायचंच असेल तर ती ढकला.