‘माहीत असून’ या दोन शब्दांआड

दादा, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या मजुरांवर धाडी पडतात, पण त्यांना राबवून घेणारा मालक बहुतेक वेळा सुटतो, आणि जबाबदारी आधी त्याची धरली पाहिजे. त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ग्रीन कार्डासाठी तुम्ही अकरा वर्षं रांगेत थांबलात, आता तुमची दोन दुकानं आहेत. समोरच्यानं खोटं कार्ड दाखवलं तर गुन्हा त्याचा, ते ओळखणं तुमचं काम नाही, आणि अशा लिखाणामुळे उद्या छोटा देशी दुकानदार भरडला जाईल, असं तुमचं म्हणणं. ‘ताई, तुम्ही ऑफिसात बसून लिहिता, आम्हाला दुकान चालवायचंय,’ हे शेवटचं वाक्य मला लागलं. म्हणून नीट उत्तर देते.

तुमचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी न्यू जर्सीत छोट्या धंद्यांचे हिशेब आणि पेरोल बघते, त्यामुळे आय-नाइन फॉर्म, म्हणजे माणसाला इथे काम करायची परवानगी आहे का हे तपासल्याची नोंद, रोज हाताखालून जातात. माणूस कामावर लागल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत त्याची कागदपत्रं बघायची आणि सही करायची. कागद दिसायला खरा वाटला तर तो स्वीकारावाच लागतो. उच्चार ऐकून किंवा रंग बघून जास्तीचा कागद मागितला तर तोच बेकायदा भेदभाव. हे बंधन उगाच घातलेलं नाही. १९८६ च्या कायद्यानं मालकाला पहिल्यांदा जबाबदार धरलं, तेव्हा दंडाच्या भीतीनं कित्येकांनी परक्या दिसणाऱ्यांना कामच द्यायचं बंद केलं, असं सरकारच्याच लेखापरीक्षण खात्यानं १९९० साली नोंदवलं. यात आपल्यासारखे चेहरेही आले. मालकानं पोलीस व्हावं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही.

पण जी सवलत तुमच्यासारख्या सरळ माणसाला आहे, तिच्याच आडोशाला सगळं ठाऊक असलेला मालकही उभा राहतो. कायदा पकडतो तो ‘माहीत असून’ कामावर ठेवणाऱ्याला. माहीत होतं हे सिद्ध कसं करणार? त्याच्या फाईलमध्ये सही केलेला फॉर्म असतो आणि मधे एखादा कंत्राटदार असतो. आणि मालकाला वाचवण्याची ही सवय १९८६ च्याही आधीची आहे. १९५२ साली बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणं गुन्हा ठरलं, पण त्याला नोकरी देणं म्हणजे आसरा नव्हे, अशी पळवाट त्याच कायद्यात लिहून ठेवली. टेक्ससच्या शेतमालकांसाठी ठेवली म्हणून तिला ‘टेक्सस प्रोव्हायझो’ असंच नाव पडलं. पुढची चौतीस वर्षं मजूर गुन्हेगार होता आणि मालक नुसता मालक.

आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिलचं काय झालं ते बघा. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, आणि गावाचं पोट एका कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेल्या, मांसाच्या कारखान्यावर. १२ मे २००८ ला तिथे धाड पडली आणि ३८९ जण धरले गेले, बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यांना वॉटर्लू गावात, जिथे गुरांची प्रदर्शनं भरतात त्या मैदानावर ठेवलं आणि तिथेच कोर्ट भरवलं. नोकरीसाठी लागणारा सोशल सिक्युरिटी नंबर खोटा वापरला म्हणून ओळख चोरल्याचा आरोप. गुन्हा कबूल करा नाहीतर किमान दोन वर्षं, असं पुढ्यात ठेवल्यावर बहुतेकांनी पाच महिन्यांची कैद पत्करली आणि त्यानंतर देशाबाहेर काढले गेले. वर्षभरानं, मे २००९ मध्ये, सुप्रीम कोर्टानं दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की तो नंबर दुसऱ्या खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारनं सिद्ध केलंच पाहिजे. म्हणजे ‘माहीत असून’चा आधार मजुरालाही होता, फक्त तो मिळाला तेव्हा ही माणसं शिक्षा भोगून हद्दपार झाली होती. काही सुपरवायझरांना शिक्षा झाली. कारखाना चालवणाऱ्या शोलोम रुबाश्किनवर बेकायदा मजूर ठेवल्याचे आरोप होते, ते सरकारनं मागे घेतले. त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली ती बँकेला फसवल्याबद्दल, आणि डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तीही कमी करून त्याला सोडलं. माणसांना कसं राबवलं, याची किंमत त्या शिक्षेत कुठेच नव्हती.

तुम्ही सुचवलंत की ई-व्हेरिफाय, म्हणजे कामगाराचं नाव आणि नंबर सरकारी नोंदींशी ताडून बघणारी यंत्रणा, सक्तीचं करा, प्रश्न मिटेल. नाही मिटत. दुसऱ्या कुणाचं खरं नाव आणि खरा नंबर दिला तर ती यंत्रणा होकार देऊ शकते. स्विफ्ट ही मांस कंपनी तिचाच आधीचा अवतार वापरत होती. तरी डिसेंबर २००६ मध्ये तिच्या सहा कारखान्यांतून सुमारे १३०० जण पकडले गेले. कंपनीवर खटला झाला नाही.

एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ या वर्षभरात अख्ख्या देशात माहीत असून बेकायदा कामगार ठेवल्याबद्दल फक्त ११ व्यक्तींवर फौजदारी खटले भरले गेले, कंपनी एकही नाही. मालक भरडला जातोय असं तुम्ही म्हणता, त्यापुढे हा आकडा ठेवा.

आता ऑफिसात बसून लिहिण्याबद्दल. काही वर्षांपूर्वी एका आपल्याच लोकांच्या रेस्टॉरंटचे हिशेब माझ्याकडे होते. तिमाहीच्या कागदांसाठी गेले तेव्हा मागच्या किचनमध्ये एक माणूस कांदे चिरत होता आणि त्याच्या डाव्या हाताला, मनगटापासून कोपरापर्यंत, दुकानातलंच फडकं गुंडाळलेलं होतं. कढईतलं तेल उडालं होतं. वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावर इजा झाली तर मिळणारी विम्याची भरपाई, लागू होतं, कागद असोत नसोत. पण माझ्या पेरोलमध्ये त्या माणसाचं नावच नव्हतं. पगार गल्ल्यातून, पाकिटात. त्यानं शेल्फवरून एक शाळकरी वही काढून दाखवली. निळ्या पेनानं स्पॅनिशमध्ये वार आणि पुढे तास. आठवड्याला ६८, ७०, एकदा ७२. चाळीसच्या वर दीडपट मिळायला हवे होते, हे मला पाठ आहे. मालक म्हणाला, ‘अहो, घरचाच माणूस आहे आमचा.’ पुढच्या वेळी गेले तेव्हा तो कांदे चिरणारा माणूस तिथे नव्हता. केलेल्या कामाच्या पैशासाठी तक्रार करता येते, तिथे कागदपत्रं विचारत नाहीत, हे मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. माझं गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसले. आज ते मला सलतं, आणि मागचा लेख त्यातूनच आला.

रांगेचा मुद्दा मला हलका वाटत नाही, मीही रांगेतूनच आले. पण कॅटरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीनं आपल्याकडचे शेकडो वेल्डर आणि फिटर रीतसर व्हिसावर आणले, ते आठवा. ग्रीन कार्डाच्या आशेवर घरं-जमिनी गहाण टाकून त्यांनी एजंटांना दहा-दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त दिले होते. इथे आल्यावर एका ट्रेलरमध्ये चोवीस जण, आणि त्यासाठी महिन्याला हजारावर डॉलर पगारातून कापलेले. व्हिसा त्या एका मालकाला बांधलेला, काम सोडलं की बेकायदा. तरी २००८ मध्ये त्यांतले काही जण बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषणाला बसले. २०१५ मध्ये ज्यूरीनं त्यांतल्या पाच जणांना १.४ कोटी डॉलर द्यायला लावले. रांगेतून आलेल्यालाही मालक बेकायदा करून सोडू शकतो, दादा.

म्हणून माझं मागणं धाडींचं नाही. धाड पडली की मजूर जातो आणि त्याचा थकलेला पगारही बुडतो. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये हॉफमन प्लास्टिक खटल्यात म्हटलं की युनियनसाठी धडपडला म्हणून बेकायदा काढलेल्या मजुराकडे कागद नसतील तर त्याला नुकसानभरपाईचा पगार मिळणार नाही. त्यामुळे अशा माणसाला काढणं मालकाला स्वस्तच पडतं. हे उलटं व्हायला हवं. तपासणी तासांची आणि पगाराची व्हावी, कंत्राटदाराच्या चुकीला वरची कंपनीही बांधील असावी, आणि तक्रार करणाऱ्याला तक्रार निकालात निघेपर्यंत हद्दपारीपासून संरक्षण मिळावं. मग कागद नसलेला माणूस ठेवण्यात फायदाच उरणार नाही.

तुमच्या दोन दुकानांत सगळ्यांचे तास रजिस्टरात लागत असतील तर मी लिहिते ते तुमच्याविरुद्ध नाही. पलीकडच्या चौकात गल्ल्यातून पगार वाटून तुमच्याहून स्वस्तात विकणाऱ्याबद्दल आहे. त्याच्यामुळे तुमचंही नुकसान होतंच आहे.

आता नवीन काम घेताना मी आधी विचारते, ‘मागे किचनमध्ये किती जण आहेत, आणि पेरोलवर किती?’ त्या प्रश्नानंतर दोन मालकांनी माझे फोन उचलणं बंद केलं.