संस्थेसाठी बोललं की हुशार, स्वतःसाठी बोललं की हट्टी

आज आमच्या ऑफिसातली एक मुलगी तोंड धुऊन आली आणि गप काऊंटरला बसली. डोळे लाल. शाखा मॅनेजरची जागा रिकामी झालीय, तिनं रीतसर अर्ज दिला होता. कामात चोख, कानडी-मराठी दोन्हीत गिऱ्हाईक सांभाळणारी. तिला उत्तर काय मिळालं? "तुमच्या मिस्टरांना चांगला पगार आहे की ओ, कशाला ती डोकेदुखी?" जागा तिच्याहून ज्युनिअर पोराला गेली. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्याच्या बायकोचा पगार कुणी विचारला का?

मी सहकारी पतसंस्थेत आयुष्य घालवलंय. नाव लिहीत नाही. बेळगावात गल्लोगल्ली संस्था आहेत, कुठल्याही काऊंटरमागच्या बाईला विचारा.

लॉकडाऊननंतर वडगाव-शहापूरचे माग थंड पडले होते. साड्यांना उठाव नाही, हप्ते थकलेले. आमच्या पुरुष मंडळींनी नोटिसा काढल्या, जामीनदारांच्या दारात जाऊन आवाज चढवला, आणि गल्लीतली दारं बंद झाली. मग मला पाठवलं. मी एका विणकराच्या घरी गेले आणि त्याला सोडून त्याच्या बायकोला विचारलं, आठवड्याला घरात येतं किती? सगळा हिशेब तिला तोंडपाठ होता. "अक्का, एरडू तिंगळ टाइम कोड्री," म्हणाली. मी म्हटलं, दोन महिने घे, पण नंतर मोठा हप्ता मोडून आठवड्याचा करूया, पिग्मीवाला दारात येतोच, त्याच्याकडं देत जा. साहेबांकडून ते मंजूर करून आणायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ साहेबांना समजवावं लागलं. ती कबूल झाली, मग शेजारणी आल्या. त्या गल्लीची थकबाकी हळूहळू वळली.

वार्षिक सभेत अहवाल वाचला: "वसुली पथकाच्या अथक प्रयत्नांनी." शाल घ्यायला उठले ते दुसरेच.

शाल जाऊ दे. त्याच वर्षी मी पगारवाढ मागितली. आवाज न चढवता, आकडे समोर ठेवून, त्या विणकर बाईशी बोलले होते तसंच. तर ऐकून काय घ्यावं लागलं? "मॅडम, तुम्ही एवढ्या समजूतदार, तुम्हीपण हट्ट करायला लागलात?" अरे, तीच जीभ, तोच धीर! तुमची अडकलेली रक्कम सोडवून आणली तेव्हा ते कौशल्य होतं, स्वतःच्या हक्काचं मागितलं की हट्ट झाला?

आणि ठरतं कुठं हे सगळं? मीटिंगमध्ये नाही. मीटिंगला फक्त ठराव वाचतात. ठरतं आदल्या संध्याकाळी हायवेच्या ढाब्यावर, नाहीतर कुणाच्या तरी शेतावर. त्या वेळी आम्ही कुकर लावत असतो, पोरांचा अभ्यास घेत असतो. सकाळी ऑफिसात येतो तोवर कोण मॅनेजर हे पक्कं झालेलं असतं, आणि आमच्या अर्जावर 'विचाराधीन' लिहिलेलं असतं.

काही बायका स्वतःच बढती नको म्हणतात, हे खरं आहे. खानापूर, चिकोडीला बदली म्हटलं की माघार घेतात. मान्य. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे लागत नाहीत, पण मार्चअखेरीला कॅश जुळवून रात्री घरी पोचणाऱ्या बाईला दारातच "एवढा उशीर?" ऐकावं लागतं. तेच काम करून नवरा आला तर त्याच्यापुढं ताट येतं. मग 'बायकांनाच नको असतं' असं म्हणू नका.

ग्रामपंचायतीत आपल्याकडं निम्म्या जागा महिलांच्या. सहकारी संस्थांच्या बोर्डावरही महिलांसाठी जागा ठेवलेल्या असतात. बहुतेक वेळा तिथं कुणाची तरी वहिनी किंवा सून बसते. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पहिल्या वर्षी फक्त सही करणारी वहिनी पुढं ताळेबंदातल्या खर्चावर बोट ठेवून विचारते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. तशा आणखी हव्यात.

आणि हे आपल्या भागाला नवीन नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधली, संप केले, मजुरीसाठी मालकांसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात डिग्री नव्हती, धुरळ्यानं छाती भरलेली. त्या एकजुटीनं मागत होत्या. आम्ही एसीत बसून एकेकटीनं मागतो, आणि एकेकटीला गप करणं सोपं असतं.

म्हणून आज त्या पोरीला सांगितलंय, सोमवारी दोघी मिळून लेखी विचारू: बढतीचे निकष काय, कुणाला किती गुण, कुणी दिले. पोच घेऊ. चहावर बोलावलं तर चहा पिऊ, पण उत्तर कागदावरच घेऊ.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या सभासद आहात. सप्टेंबरात वार्षिक सभा असते, नोटीस घरी येते, आपण अल्पोपाहार घेऊन परततो. यंदा माईक मागा. किती शाखा, त्यात मॅनेजर बायका किती, एवढंच विचारा. मराठीत विचारा नाहीतर कानडीत, आणि उत्तर इतिवृत्तात लिहिल्याशिवाय खाली बसू नका.