ब्रेकमध्ये भाकरी

संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळात आमच्या घरात पुरुषाला भूक लागायची सोय नाही. लागलीच, तर ती ब्रेकमध्ये लागावी. आई पडद्यावरची नजर न हलवता सांगते, "भगुनं ओट्यावर शे, गरम करी ले." बायको तर तेवढंही सांगत नाही. मी भरीत गरम करतो, कळण्याची भाकरी शोधतो, कांदा चिरायला घेतो, तोच हॉलमधून धाड धाड धाड असं संगीत येतं. म्हणजे तिकडे कुणीतरी कुणाकडे वळून पाहिलं.

1987 साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता. कृष्णधवल, लाकडी शटरचा. खुर्च्यांवर पुरुष, खाली पोरंसोरं, आणि बाया माजघराच्या दारात, एक कान चुलीकडे. आईने अख्खं रामायण उभ्याने पाहिलं. मी तर पाहिलंच नाही. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, चढून अँटेना फिरवायचं काम माझ्याकडे होतं. वरून मी ओरडायचो, "ऊनं का?" म्हणजे चित्र आलं का. खालून उत्तर यायचं, "ऊनं, ऊनं... गयं!" रावण कसा दिसतो हे मला पुढे रंगीत टीव्हीवर कळलं. पोरींना धाब्यावर चढू देत नसत, त्यामुळे रामायण बघायचं भाग्य त्यांना लाभलं. बाईपणाचा एवढा फायदा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि बाया दारात उभ्या असल्या तरी पडद्यावरच्या बाया तेव्हा भलत्या तालेवार होत्या. 1985 च्या 'रजनी'त प्रिया तेंडुलकर टॅक्सीवाल्यांनाही सोडत नव्हती. धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत घासाघीस करणारी ललिताजी, म्हणजे कविता चौधरी, 1989 साली 'उडान'मध्ये थेट पोलीस अधिकारी झाली. मालिका लिहिली तिनेच, दिग्दर्शनही तिचंच. माझ्या ताईने त्या खाकीचं फार मनावर घेतलं होतं. नाना म्हणाले, "पाहू." मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आली, सोयरीक आली आणि पाहायचं राहून गेलं.

आता सोफा बायांचा, रिमोट बायांचा. पण पडद्यावरची बाई तेवढ्यात वर्दी उतरवून स्वयंपाकघरात शिरलेली, तीही भरजरी साडी नेसून. तिथे ती रांधत काहीच नाही. एक तर रडते, नाहीतर जावेच्या दुधात काहीतरी मिसळते. कारस्थानाचा आईला राग नाही, ती मोठ्या एकत्र कुटुंबात नांदलेली आहे. तिचा राग वेगळाच आहे. "हिना हातले कधी पीठ दिसनं का? कानबाईच्या सणाला रोटाची कणीक मळायला बसवा हिला, आठ दिवसांत मालिका संपते का नाही पाहा!" असं म्हणून ती आवाज वाढवते. चुका काढायच्या तर नीट पाहावं लागतं ना.

नानांना बातम्या हव्या असतात. म्हणजे आठ चौकटींत आठ पुरुष एकाच वेळी ओरडतात, ते. आईने ते एकदाच पाहिलं आणि विचारलं, "यांना घरी कुणी बोलू देत नाही का?" तेव्हापासून नाना दाराबाहेरच्या ओट्यावर बाजेवर पडून असतात. हातात मोबाइल, कानात वायरी. अधूनमधून आत डोकावून "काय फालतूपणा लावलाय" एवढं म्हणतात.

परवा त्या दुधाचा पेला जावेच्या ओठांशी गेला आणि वीज गेली. कापसाचा भाव पडल्यावर होते तशी घरात शांतता. आई वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढू लागली, बायको मोबाइलच्या उजेडात रिमोट दाबून पाहू लागली. माझी भाकरी तव्यावर होती, पण तिची चौकशी कुणी केली नाही.

तेवढ्यात अंधारात ओट्यावरून नाना बोलले, "काळजी नको करू. ते दूध मांजर पी गयी."

"तुम्हाले काय माहीत?" आई म्हणाली.

नाना खाकरले. मोबाइलवर तो भाग म्हणे आदल्या दिवशीच दिसतो.