आभा कार्डचा तो फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

कोथरूडच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. आभा कार्ड काढलं की तुमचे सगळे रिपोर्ट दिल्लीच्या सर्व्हरवर जातात, तिथनं विमा कंपन्या ते बघून क्लेम नाकारतात, आणि कार्ड नसेल तर सरकारी दवाखान्यात उभं करत नाहीत. ग्रुपवरचे ज्येष्ठ लोक हे वाचून खरंच घाबरलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्व्हरचं आधी. आभा म्हणजे तुमचे ठिकठिकाणचे रिपोर्ट एकमेकांना जोडणारा 14 आकडी आरोग्य नंबर, बास. हा नंबर ज्या सरकारी योजनेत मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं, त्याची रचनाच अशी आहे की रिपोर्ट ज्या लॅबने किंवा हॉस्पिटलने केला त्यांच्याच सिस्टीमवर राहतो. दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असेल तर तुमच्या अ‍ॅपवर रिक्वेस्ट येते, कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या काळातले कागद, किती दिवस बघणार, आणि तुम्ही हो म्हणाल तरच पुढे जातं. दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते.

विम्याचं म्हणाल तर शुगर-बीपी लपवून पॉलिसी काढायची सोय आभाच्या आधीपण नव्हतीच, प्रपोजल फॉर्मवर जुने आजार लिहावेच लागतात आणि क्लेमच्या वेळी कंपनी हॉस्पिटलकडनं केस पेपर मागवतेच. उलट 2024 पासून नियम असा आहे की पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल तर माहिती दिली नाही एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. हे कुणी फॉरवर्ड का करत नाही?

कार्ड नसेल तर उपचार नाहीत हे साफ खोटं, आभा ऐच्छिक आहे. आणि 5 लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, त्याची आणि याची गल्लत करू नका.

आता मला हे एवढं मनाला का लागतं ते सांगतो. आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी आधीचा ईसीजी मागितला, नवा त्याच्याशी ताडून बघायला. पिशवीतनं फाईल काढली तर ईसीजीचा कागद जवळजवळ कोरा, थर्मल पेपरवरची रेघ उडून गेलेली, नुसती कडेला पेनाने लिहिलेली तारीख दिसत होती. आई आता बरी आहे, पण घराघरात अशाच पिशव्या आहेत, आणि आभाला जोडलेला रिपोर्ट असा कागदावरून उडून जात नाही.

भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणत नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस कामं हाताने चालली, म्हणजे हॉस्पिटलची स्वतःची सिस्टीम कच्ची असेल तर धोका आहेच, आभा असो वा नसो. आणि काही ठिकाणी काउंटरवरचा माणूस काही न सांगता आधारचा ओटीपी मागून नंबर काढून टाकतो, हे चूक आहे. तिथे खडसावून विचारा, कशासाठी पाहिजे? पटलं नाही तर ओटीपी देऊ नका, केस पेपर त्याच्याशिवायही निघतो. ज्यांचा नंबर असा परस्पर निघालाय त्यांना तो बंद किंवा डिलीट करता येतो, जमत नसेल तर मला सांगा, मी बसून करून देतो.